दोरीखालचे रान: कास ते वासोटा

झुडपांचे आच्छादन म्हणजे जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर झुडपांची पाने आणि फांद्या वरून पाहता किती जागा झाकतात, त्याचे प्रमाण. सूर्य नेमका डोक्यावर आहे असे धरले, तर झुडपांची जेवढी सावली खाली पडेल तेवढे ते आच्छादन. १०० चौरस मीटर जागेत अशी सावली ४० चौरस मीटर असेल, तर आच्छादन ४० टक्के. झुडपे किती आहेत किंवा किती उंच आहेत, हे त्यातून कळत नाही. जागा कोणी आणि किती धरली आहे, एवढेच कळते.

डोंगरी रानाची प्रकृती तपासताना हे मोजमाप उपयोगी ठरते, कारण झुडपांचे आयुष्य झाडांपेक्षा पुष्कळ कमी असते. जांभूळ किंवा हिरडा शंभर वर्षे उभा राहतो. त्याच्याखाली दरवर्षी वणवा गेला, गुरे फिरली, सरपणासाठी कोयता चालला, तरी वरचे झाड बरीच वर्षे तसेच दिसते. खालच्या थरात मात्र दोन-चार वर्षांतच फरक पडतो. जुनी झुडपे जातात, नवी उगवतात आणि उगवणारे दर वेळी पूर्वीचेच असते असे नाही. म्हणून रानात होणारा बदल झाडांच्या मोजणीत दिसण्याआधी झुडपांच्या मोजणीत दिसतो.

वरून पाहणाऱ्याला हा थर सहसा दिसत नाही. भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल काढते. त्यात उपग्रहाच्या चित्रांवरून वृक्षछत्राची घनता ठरवतात. ७० टक्के किंवा त्याहून जास्त छत्र असेल तर ते अतिदाट वन, ४० ते ७० मध्यम दाट, १० ते ४० विरळ आणि १० टक्क्यांखाली झुडपी. छत्राखाली देशी कारवी आहे की परकी टणटणी, हे त्या चित्राला सांगता येत नाही. झुडपी हा शब्दही या वर्गवारीत सर्वांत खालच्या पायरीला लावलेला आहे. विदर्भातल्या महसुली नोंदींत ‘झुडपी जंगल’ ही वेगळीच नोंद आहे आणि तिच्यावरून अनेक दशके वाद चालले. झुडूप म्हणजे झाड न झालेली वनस्पती, अशी समजूत या नावांमागे दिसते. रानाच्या हिशेबात ती चुकीची आहे.

हे आच्छादन कसे मोजतात आणि आलेल्या आकड्याचा अर्थ कसा लावतात, हे समजून घ्यायला साताऱ्याहून कास आणि बामणोलीमार्गे वासोटा किल्ल्याला जाणारी वाट सोयीची आहे. सडा, डोंगरउतार, ओसाड पडलेली शेते आणि सदाहरित रान या चारही जागा तिथे एकापाठोपाठ एक येतात. आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस त्या वाटेने गेलो. पिशवीत ३० मीटरची टेप, सुतळीचे गुंडाळे, चार खुंट्या, उतार मोजायचे साधन आणि नोंदवही होती. महिना मुद्दाम निवडलेला होता. त्याचे कारण पुढे कारवीच्या संदर्भात येईल.

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून गेले की रस्ता डोंगराच्या माथ्यावरून पश्चिमेकडे सरकतो. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार लागते. उंची सुमारे १२०० मीटर. सह्याद्रीतल्या अशा सपाट जांभ्या कातळाला सडा म्हणतात. कातळावर माती कुठे काही सेंटीमीटर, तर कुठे तीही नाही. पावसाळ्यात इथे पाणी साचते आणि उन्हाळ्यात दगड तापतो. या दोन टोकांमध्ये तग धरणाऱ्या छोट्या, बहुतेक एका हंगामात जगून जाणाऱ्या वनस्पतींमुळे पठार प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

मोजणीची पहिली सावधगिरी कासला शिकायला मिळते. सड्याच्या मध्यावर झुडपे जवळजवळ नसतात आणि ती नसणे हेच तिथे स्वाभाविक असते. कातळाच्या भेगेत माती साठली असेल तिथे एखादा रामेठा किंवा करवंदाची जाळी दिसते. पठाराच्या कडेला मातीचा थर वाढतो, तिथे टोपली कारवी सुरू होते. ती गुडघा-कमरेएवढी असते आणि उपडी घातलेल्या टोपलीसारखी गोल वाढते. तिचे नावही त्यावरूनच पडले. सड्याच्या मध्यावर झुडपांचे आच्छादन ५ टक्के निघाले तर काळजीचे कारण नाही. ते २५ टक्क्यांवर गेले तर मात्र चौकशी करायला हवी: माती आणून टाकली का, झाडे लावली का, पाण्याची वाट बदलली का. सातारा-महाबळेश्वर भागात सिल्व्हर ओक, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून डोंगर ‘हिरवे’ करण्याचे प्रयत्न पूर्वी झाले. ज्या कातळावर सावली कधीच नव्हती तिथे सावली आली, की उन्हात वाढणाऱ्या बारीक वनस्पती आधी जातात. म्हणून एखाद्या जागेचे आच्छादन मोजण्याआधी तिथे मुळात किती असायला हवे, हे ठरवावे लागते.

हे ठरवण्यासाठी संदर्भजागा निवडतात. उंची, पाऊस, उतार आणि माती सारखी असलेली, पण माणसाचा हात कमी लागलेली जागा म्हणजे संदर्भजागा. सह्याद्रीत देवराया या कामी उपयोगी पडतात. देवाचे रान म्हणून तिथली काटकीही न उचलण्याचा रिवाज पुष्कळ गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. मात्र देवराई बहुधा लहान असते आणि तिच्या कडेला गावाचा वावर असतो, त्यामुळे मोजणी कडेपासून आत, मध्याकडे करतात. संदर्भजागेशी तुलना न करता नुसत्या टक्केवारीवरून रानाला बरे-वाईट ठरवणे म्हणजे वय न विचारता नुसत्या वजनावरून माणसाची प्रकृती ठरवण्यासारखे आहे.

कासहून पुढे रस्ता कोयनेच्या खोऱ्यात उतरतो. खाली कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे फाटे डोंगरांच्या बोटांत शिरलेले दिसतात. उतार सुरू होताच झुडपांचा थर दाट होतो. रस्त्याच्या कडेला टणटणी, करवंद आणि धायटी असते, आत कारवीचे सलग पट्टे. मधूनमधून तोरणीचे काटे, मुरुडशेंगेच्या पिळलेल्या शेंगा, गेळ्याची काटेरी फांदी आणि ओलाव्याच्या घळीत दिंड्याची मोठी पाने. मोजणीचा प्रत्यक्ष सराव आम्ही बामणोलीच्या वरच्या अंगाला एका मालकीच्या वरकस जमिनीत, मालकाच्या परवानगीने केला. अभयारण्यात खुंटी ठोकायची किंवा दोरी ताणायची तर वनविभागाची लेखी परवानगी लागते.

झुडपांचे आच्छादन मोजायच्या मुख्य पद्धती तीन. पहिली नजरेच्या अंदाजाची. ठरावीक मापाची चौकट आखायची आणि आतले प्रत्येक झुडूप किती भाग झाकते ते पाहून वर्ग द्यायचा. नेमकी टक्केवारी नजरेला सांगता येत नाही, म्हणून वर्ग रुंद ठेवतात. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ रेक्सफर्ड डॉबनमायर यांनी १९५९ मध्ये मांडलेले सहा वर्ग आजही वापरात आहेत: ० ते ५, ५ ते २५, २५ ते ५०, ५० ते ७५, ७५ ते ९५ आणि ९५ ते १०० टक्के. हिशेबात प्रत्येक वर्गाचा मध्य धरतात, म्हणजे २.५, १५, ३७.५ असा. ही पद्धत झटपट होते, पण दोन माणसांच्या नजरेत फरक पडतो. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी सगळे जण एकाच चौकटीचा अंदाज वेगवेगळा लिहून पडताळतात.

चौकटीचे माप थरानुसार बदलते. झाडांसाठी १० किंवा २० मीटर बाजूचा चौरस, झुडपांसाठी ३ किंवा ५ मीटरचा आणि गवत-रोपांसाठी १ मीटरचा. लहान चौरस मोठ्याच्या आत किंवा जवळ ठेवतात, म्हणजे एकाच जागेचे तिन्ही थर जोडून वाचता येतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या प्रत्यक्ष पाहणीतही झुडपांसाठी ३ मीटर आणि त्याखालच्या थरासाठी १ मीटर बाजूचे चौरस वापरले गेले आहेत.

दुसरी पद्धत बिंदूंची. दोरीवर ठरावीक अंतराने बारीक सळई उभी धरायची आणि तिला कोणती वनस्पती स्पर्श करते ते लिहायचे. १०० बिंदूंपैकी ३० ठिकाणी कारवी लागली तर कारवीचे आच्छादन ३० टक्के. न्यूझीलंडच्या कुरणांसाठी ही पद्धत १९३३ च्या सुमारास वापरात आली. बुटक्या वनस्पतींना ती चांगली. माणसाच्या उंचीपेक्षा उंच कारवीत सळई सरळ धरणेच अवघड होते.

तिसरी पद्धत दोरीची, आणि सह्याद्रीच्या उतारांवर तीच सर्वांत सोयीची. १९४१ मध्ये आर. एच. कॅनफिल्ड यांनी अमेरिकेच्या कुरणांतील झुडपांसाठी ती व्यवस्थित मांडली. दोन खुंट्यांमध्ये टेप ताणायची. टेपच्या वरून किंवा खालून जिथे झुडपाचा विस्तार टेपला छेदतो, तिथली सुरुवात आणि शेवट लिहायचा. सगळे तुकडे जातीप्रमाणे बेरजेत घ्यायचे आणि टेपच्या लांबीने भागायचे.

समजा, २० मीटरची टेप ताणली. ०.६० ते २.१० मीटरपर्यंत कारवी लागली, पुन्हा ३.४० ते ६.०० आणि १२.०० ते १५.३० कारवी. ७.२० ते ८.०० करवंद, ८.५० ते १०.१० टणटणी, १६.०० ते १७.०० तोरण. कारवीची बेरीज ७.४ मीटर, म्हणजे ३७ टक्के. करवंद आणि तोरण मिळवले की देशी झुडपे ९.२ मीटर, म्हणजे ४६ टक्के. टणटणी १.६ मीटर, म्हणजे ८ टक्के. उरलेल्या ४६ टक्के लांबीवर झुडूप नाही. एकूण झुडपांत देशी वाटा सुमारे ८५ टक्के पडतो.

टेप ताणण्यापूर्वी काही नियम ठरवून घ्यावे लागतात. एकाच झुडपाच्या दोन फांद्यांमध्ये मोकळी जागा असेल तर ती झुडपात धरायची की नाही? पुष्कळदा एक मर्यादा ठरवतात, समजा ५ सेंटीमीटर, आणि त्याहून लहान फट झुडपातच धरतात. करवंदाच्या जाळीवर टणटणी चढली असेल तर दोन्ही लिहायची, आणि मग सगळ्या जातींची बेरीज १०० टक्क्यांवर जाऊ शकते. ती चूक नसते. झाडांची रोपे झुडपाएवढ्या उंचीची असली तरी वेगळ्या रकान्यात लिहायची, कारण ती झुडपे नसून उद्याची झाडे आहेत. तिसऱ्या माणसाला पुढच्या वर्षी तीच टेप टाकून तोच आकडा मिळायला हवा. नियम लिहून ठेवतात ते त्यासाठीच.

उतारावर आणखी एक पेच असतो. ३० अंशांच्या उतारावर ताणलेली २० मीटरची टेप नकाशावर फक्त १७.३ मीटर भरते. सपाट अंतर २० मीटर हवे असेल तर उतारावर २३.१ मीटर मोजावे लागते. टक्केवारी काढताना हा फरक फारसा आड येत नाही, कारण तुकडे आणि टेप दोन्ही त्याच उतारावर असतात. हेक्टरी किती झुडपे किंवा किती रोपे, असा हिशेब करताना मात्र उतार धरला नाही तर आकडा चुकतो. टेप उताराच्या आडवी टाकायची की वरून खाली, हेही महत्त्वाचे. वरून खाली टाकलेली टेप माथ्यावरची कोरडी जागा आणि पायथ्याची ओली जागा दोन्ही ओलांडते, म्हणून विविधता जास्त पकडते. आडवी टेप एकाच उंचीवर राहते, त्यामुळे एका पट्ट्याची स्थिती नेमकी कळते.

सुरुवातीची खुंटी कुठे ठोकायची, ही गोष्ट सर्वांत दुर्लक्षित राहते. पाय मोकळे ठेवायला जिथे जागा आहे तिथेच माणूस खुंटी ठोकतो आणि दाट जाळीला वळसा घालतो. मग आच्छादन कमी निघते. म्हणून जागा आधी नकाशावर चिठ्ठ्या टाकून किंवा ठरावीक अंतराने निवडतात आणि तिथे काटे असोत वा वारूळ, टेप तिथेच टाकतात. करवंद आणि तोरण यांमुळे हे काम हातापायांवर ओरखडे उमटवून जाते. आम्ही पाच वेळा टेप टाकली, त्यांपैकी दोनदा ती जाळीतून काढायला टाकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

एका टेपवर विसंबता येत नाही. समजा पाच टेपांवर देशी आच्छादन ४६, ५५, ३८, ६१ आणि ४५ टक्के आले. सरासरी ४९. पण आकडे एकमेकांपासून इतके दूर आहेत की प्रमाण त्रुटी सुमारे ४ निघते आणि ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, की खरी सरासरी ३८ ते ६० यांच्या दरम्यान असावी. पुढच्या वर्षी सरासरी ४४ आली तर रान खालावले असे या पाच टेपांवरून म्हणता येणार नाही. चढउतार असाच राहिला, तर ५ टक्क्यांच्या आतबाहेर नेमकेपणा आणायला पंधराएक टेपा लागतात. हाच हिशेब न केल्यामुळे पुष्कळ पाहण्यांचे निष्कर्ष कच्चे राहतात.

कारवीच्या बाबतीत पंधरा टेपाही पुरत नाहीत. तिचे चक्र माहीत असावे लागते. कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवरचे प्रमुख झुडूप. तिच्या सरळ काठ्या कुडाच्या भिंतीला वापरतात आणि वर शेणमातीचा गिलावा देतात. पावसाळ्यात ती मोठ्या खरखरीत पानांनी भरते आणि पाऊस सरून उन्हे तापली की पाने झडून नुसत्या काठ्या उभ्या राहतात. त्याच जागेवर ऑक्टोबरात ६० टक्के आच्छादन भरेल आणि मे महिन्यात त्याचा अंशही भरणार नाही. म्हणून मोजणी पावसाळ्यानंतर, पाने अजून अंगावर असताना आणि दरवर्षी त्याच पंधरवड्यात करायची. आमच्या प्रवासाचा महिना यासाठीच ऑक्टोबर होता.

दुसरे चक्र वर्षांचे आहे. कारवी बहुतेक ठिकाणी सात वर्षांनी एकदम फुलते, काही ठिकाणी आठव्या वर्षी. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये ती फुलली. फुलण्याच्या वर्षी उतारच्या उतार जांभळे होतात आणि मधमाश्यांची चंगळ होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुकलेली फळे तडतडत फुटतात, बी उडते आणि ती सगळी पिढी वाळून जाते. पुढच्या पावसाबरोबर जमिनीवर रोपांचा गालिचा येतो. म्हणजे ७० टक्क्यांचे आच्छादन एका वर्षात जवळजवळ शून्यावर येऊ शकते आणि रानाला काहीही झालेले नसते. चक्राच्या सहाव्या वर्षी एक मोजणी आणि आठव्या वर्षी दुसरी केली, तर आकडे सर्वनाशाचा भास देतील. त्यामुळे नोंदवहीत तारखेबरोबर ‘मागचा फुलोरा कधी’ हा रकाना असावाच लागतो. तो भरून देतात गावातली माणसे. आमच्या टेपजवळ उभे असलेले जमिनीचे मालक काका मागच्या फुलोऱ्याचे वर्ष आपल्या घरातल्या एका लग्नावरून सांगत होते, आणि ते वर्ष लिहिले नसते तर आमचे सगळे मोजमाप अर्धवट राहिले असते.

कारवी मेल्यानंतरचा एक-दोन वर्षांचा काळ रानाच्या परीक्षेचा असतो. एरवी तिच्या गर्दीखाली ऊन पोचत नाही आणि झाडांची रोपे दबून राहतात. पिढी वाळली की जमिनीवर प्रकाश येतो. त्या वेळी जवळ जांभूळ, हिरडा, अंजनी यांची बीजे असतील तर रोपांना वाढायची संधी मिळते. टणटणी किंवा रानमोडी जवळ असेल तर तीच मोकळ्या जागेत आधी शिरते. त्यामुळे फुलोऱ्यानंतरच्या वर्षांत देशी आच्छादन किती घटले यापेक्षा मोकळ्या झालेल्या जागेत कोण आले, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

टणटणी म्हणजेच घाणेरी. ती मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि पुढे देशभर पसरली. तिची काळी फळे पक्षी खातात, त्यामुळे बी दूरवर जाते. कापली किंवा जळाली तरी बुडापासून ती पुन्हा फुटते. रानमोडीही तिकडचीच. तिचे हलके बी वाऱ्यावर उडते, आणि वाळलेली रानमोडी वणव्याला चांगले सरपण पुरवते. वणव्याने जागा मोकळी होते आणि मोकळ्या जागेत रानमोडी पुन्हा वाढते. या चक्रात अडकलेल्या उतारावर एकूण आच्छादन ८० टक्के भरू शकते. नुसता हा आकडा पाहणाऱ्याला रान भरगच्च वाटेल. म्हणून देशी आणि परकी झुडपे वेगळी लिहिल्याशिवाय आच्छादनाच्या मोजणीला अर्थ नाही.

बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडून वासोट्याच्या पायथ्याशी मेट इंदवलीला जावे लागते. हा भाग कोयना अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले आणि २०१० पासून कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद असते, आणि जाण्याआधी बामणोलीत वनविभागाचा परवाना घ्यावा लागतो.

लाँचमधून दोन्ही काठांवर जुन्या शेतांचे बांध ओळखू येतात. धरणाच्या पाण्यामुळे आणि नंतर वन्यजीवांसाठी या खोऱ्यातली अनेक गावे उठली. उतारांवर नाचणी-वरीची शेती होती, आणि काही ठिकाणी झाडोरा तोडून, जाळून पाळीपाळीने केलेली कुमरी. माणसे गेल्यावर त्या जागा रानाने परत घेतल्या, पण सगळीकडे सारख्या नाहीत. बांधांच्या कडेने करवंद आणि धायटी, मधल्या सपाटीवर गवत, कुठे सलग कारवी, कुठे रानमोडी. इथले झुडपांचे आच्छादन म्हणजे रान सावरण्याच्या वाटेवरचा एक टप्पा. सुरुवातीला ते वाढत जाणे ही चांगली खूण असते. करवंद आणि तोरण यांची फळे खायला पक्षी येतात, त्यांच्या विष्ठेतून झाडांचे बी पडते, आणि काट्यांच्या आडोशाला रोप चरणाऱ्या तोंडांपासून वाचते. गवा आणि सांबर झुडपांचे कोवळे शेंडे खातात. म्हणून टेपवर आच्छादनाबरोबर खाल्लेल्या शेंड्यांचीही नोंद करतात. पंचवीस-तीस वर्षांनीही तिथे झुडपेच राहिली आणि झाडांची रोपे आली नाहीत, तर सावरण्याची वाट कुठेतरी अडली आहे असे समजायचे.

मेट इंदवलीहून चढ सुरू झाला की काही वेळातच सावली गडद होते. अंजनी, जांभूळ, पिसा यांचे छत्र वर मिळून जाते आणि वेली त्यांत गुंतलेल्या असतात. इथे टेप टाकायची नव्हती, वाटेवरून नजरेनेच पाहायचे होते, पण फरक नजरेतही भरतो. गर्द छत्राखाली झुडपे थोडी आहेत. लोखंडीसारखी सावलीत वाढणारी काही, बाकी जमिनीवर पालापाचोळा आणि त्यातून डोके काढलेली अंजनी-जांभळाची रोपे. जिथे एखादे मोठे झाड पडून छत्राला भोक पडले आहे, नेमकी तिथे कारवी किंवा व्हायटी दाटली आहे. चढ संपताना छत्र विरळ होते, कातळ वर येतो आणि कारवी पुन्हा वाट अडवू लागते.

म्हणजे या रानात कमी झुडपे ही आजाराची खूण नाही. सावलीमुळे झुडपे कमी असतील आणि निरनिराळ्या उंचीची रोपे हजर असतील, तर रान ठीक आहे. झुडपेही नाहीत, रोपेही नाहीत आणि माती उघडी असेल, तर चराई, वणवा किंवा सतत पाय पडणे यांचा शोध घ्यावा लागतो. वाटेच्या दोन्ही अंगांना हात-दोन हात रुंदीची अशी उघडी पट्टी असतेच, म्हणून मोजणीची टेप वाटेपासून दूर टाकतात. उलट, सलग छत्राच्या रानात दर मोजणीला कारवीचा वाटा वाढत चालला असेल, तर कारवी देशी असूनही ती बातमी चांगली नाही. वरचे छत्र फाटत असल्याचे ते चिन्ह असते.

झुडपांमुळे डोंगराला होणारा लाभही उतारावरच कळतो. कोयनेच्या खोऱ्यात वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. थेंब पानांवर, मग पाचोळ्यावर आणि शेवटी मातीवर पडला तर त्याचा जोर मोडतो. झुडपांच्या बुडाशी साठलेला पाचोळा पाणी अडवतो आणि मुळे वरची माती धरून ठेवतात. उंच झाडाच्या पानांवर गोळा होऊन खाली पडणारा थेंब मोठा असतो. खाली झुडूप आणि पाचोळा नसेल तर तो मातीला खड्डा पाडतो. भेकरासारखे बुजरे प्राणी आणि जमिनीलगत वावरणारे पक्षी याच थरात लपतात, चरतात आणि वीण करतात.

म्हणून रानाच्या प्रकृतीची नोंद एका आकड्यात संपत नाही. प्रत्येक टेपसाठी निदान सहा गोष्टी लिहितात: देशी झुडपांचे आच्छादन जातीनुसार, परक्या झुडपांचे आच्छादन, झाडांची रोपे उंचीच्या गटांनुसार, वरच्या छत्राचे प्रमाण, उघड्या मातीचे प्रमाण आणि तोडल्याच्या, जळाल्याच्या, चरल्याच्या खुणा. सोबत तारीख, उंची, उताराचा कोन, त्याचा रोख आणि कारवीच्या फुलोऱ्याचे वर्ष. टेपच्या दोन्ही टोकांना कायमच्या खुणा करतात आणि त्याच बिंदूवरून, त्याच दिशेने छायाचित्र घेतात. मोजणी दरवर्षी करता आली नाही तरी चालते. पण कारवीच्या पट्ट्यात तिचे एक पूर्ण चक्र, म्हणजे सात-आठ वर्षे, नोंद चालू राहिली तरच बदलाचा कल हाती लागतो.

कास ते वासोटा या वाटेवर झुडपांचे ५० टक्के आच्छादन चार ठिकाणी चार अर्थांचे आहे. सड्याच्या मध्यावर ते बिघाडाची खूण आहे. बामणोलीच्या उतारावर ते देशी जातींचे असेल तर उतार धरून ठेवणारा आधार आहे. उठलेल्या गावांच्या शेतांत तो सावरण्याचा मधला टप्पा आहे. वासोट्याच्या गर्द छत्राखाली तो इशारा आहे. टेप चारही ठिकाणी तीच असते. जागा, जात, महिना आणि वर्ष यांची नोंद शेजारच्या रकान्यांत असेल, तरच तिने दिलेल्या आकड्यावरून रानाविषयी काही सांगता येते.